सोळाव्या वर्षी सत्कार

सुनंदा, ये गं, जवळ बस. फोनवर तू "नंतर बोलते मावशी" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून आज लिहूनच काढतेय. माझ्या शेजारी सतरंजीवर बसलीयस असं समज आणि वाच. आणि मधे बोलू नकोस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी ती.

तुझ्या पोरीचा रिपोर्ट आला आणि तू काय केलंस? तिची गादी गॅलरीत टाकलीस. हिंजवडीच्या त्या उंच इमारतीत पोर वाऱ्यात झोपते आणि तू आत दार लावून रडतेस. तिला उसाचा रस पाजतेस. तेल बंद, हळद बंद. विचारलं कुणी तर सांगतेस, "ॲसिडिटी आहे." अगं, शहाणी का तू? कंपनीच्या बसनं ऑफिसला जातेस, दिवसभर इंग्रजी बोलतेस, आणि घरी येऊन हे? रागावलेय मी. पण सगळा राग तुझ्यावर नाही. थोडा तुझ्यावर. बाकीचा कुणावर, ते ऐक.

गेल्या थंडीतली गोष्ट. पेठेतल्या क्लबचं मैदान, दिवे नुकतेच लागलेले. पोळ्यांची घरं उरकून मी समीक्षाला घ्यायला गेले होते. समीक्षा म्हणजे माझ्या लेकीची लेक, तुला माहीत आहे, पण हे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यांनाही कळावं. अकरावीत आहे. कबड्डी खेळते. नुसती खेळत नाही, कबड्डीशिवाय तिला दुसरं काही सुचत नाही.

सराव चालला होता. एकाच क्लबच्या मुली, दोन बाजू केलेल्या. समीक्षाची चढाई आली. मधली रेघ ओलांडून ती आत शिरली. कबड्डी कबड्डी कबड्डी. दम धरला की तिचा आवाज घुमतो. एरवी ती आत गेली की समोरच्या पोरी हातात हात घालून साखळी करतात, टपून असतात, कधी पाय धरू, कधी कमरेला मिठी मारून पाडू. त्या दिवशी साखळी झालीच नाही. सगळ्या मागे सरकल्या. हिनं हात लांब केला तशी एक पोरगी अंग चोरून मागच्या रेघेबाहेर गेली. आपण होऊन. बाद. मग दुसरी गेली. तिसरी तर पळालीच.

रेघेबाहेर पाय पडला की बाद, हे त्या पोरी झोपेतसुद्धा सांगतील. पण बाद होणं परवडलं त्यांना. हिचा हात लागणं नाही परवडलं.

समोर कुणीच उरलं नाही. ही एकटी. दम चालूच. कबड्डी कबड्डी. कुणीतरी फिस्सकन हसलं. एक म्हणाली, "नखं लागतील गं, सांभाळ." सर शिट्टी तोंडात धरून मोबाइल बघत होते.

सगळे गुण हिला मिळाले. लोण चढला. आणि माझी नात मान खाली घालून बाहेर आली. अंगावर मातीचा कण नाही. कबड्डी खेळून आलेली पोर आणि कपडे धुतल्यासारखे कोरे. काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय हे त्या कोऱ्या कपड्यांनी सांगितलं.

"आजी, चल," एवढंच बोलली.

बिबवेवाडीच्या बसमध्ये चढलो. मैत्रिणीला फोन लावला तिनं. मैत्रीण कसली, जिच्याबरोबर रोज भेळ खायची ती. पलीकडून ती सहज म्हणाली, "तुला हिपॅटायटिस बी आहे ना यार. सगळ्यांना माहितीये. तुला सांगितलं नाही का?"

नव्हतं सांगितलं. क्लबनं आरोग्य तपासणी ठेवली होती. सगळ्या मुलींचं रक्त घेतलं. लॅबवाल्यानं फोन केला तो सरांना. सरांनी केला अध्यक्ष ताईंना. पुढे तो कुठे कुठे गेला देव जाणे. म्हणायची पद्धत म्हणून देव म्हटलं. ज्या पोरीच्या अंगातलं रक्त, तिच्या घरी तेवढा कुणी फोन केला नाही. माझ्या नातीला तिचा आजार कळला तो असा. बसमध्ये. उभ्यानं.

"आजी, दे आर नॉट इव्हन टचिंग मी," ती म्हणाली. "मी काय घाण आहे का?"

तिचं इंग्रजी मला पुष्कळदा कळत नाही. त्या दिवशी कळलं. मागे, आमच्या लहानपणी, शाळेच्या आवारात पोरी फुगडी घालायच्या. मला नि तुझ्या आईला कुणी हात द्यायचं नाही. बापानं दीक्षा घेतलेली, घरात बाबासाहेबांचा फोटो, पण शाळेतल्या पोरींना दीक्षेचं काय? मग आम्ही बहिणीबहिणीच फुगडी घालायचो. एक आजारी पडली की दुसरी नुसती बघत उभी. फुगडी काही एकटीनं घालता येत नाही, सुनंदा. कबड्डीही येत नाही.

आठवडाभरानं सरकारी दवाखान्यात गेलो. त्याच्या आधी गल्लीतल्या बायांची आपापली औषधं सांगून झाली होती. पांढरी कावीळ म्हणतात ना याला. कावीळ शब्द ऐकला की आपल्या बाया लगेच उसाचा रस, फुटाणे, डोक्यावर मुळ्यांची माळ. माळ जसजशी खाली उतरते तसतशी कावीळ उतरते म्हणे. एक जण तर माळवाल्याला घरीच घेऊन आली. मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. पोर डोळ्यांनी पिवळी नाही, ताप नाही, धावते तर हरणासारखी. उतरवणार काय?

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. पोरीचा हात हातात घेऊन नाडी बघितली. किती दिवसांनी कुणी तिचा हात धरला, आणि समीक्षाचे डोळे भरले. डॉक्टरीण समजली का नाही कोण जाणे, पण तिनं हात लगेच सोडला नाही. म्हणाली, हा आजार रक्तातून जातो. बाळंतपणात आईकडून बाळाला जातो, एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर जातो, नवरा-बायकोत जातो. ताटातून नाही, घामातून नाही, जवळ बसून नाही. जन्मल्याबरोबर लस मिळाली असती तर बहुतेक टळला असता. आता तो शरीरात ठाण मांडून बसलाय. लगेच गोळ्या लागतील असं नाही, पण यकृताची तपासणी वेळोवेळी करायचीच, चुकवायची नाही. कामाची गोष्ट पोरीनं स्वतः विचारली.

"मी खेळू शकते का?"

"खेळ ना. खरचटलं, रक्त आलं तर लगेच बाहेर ये, पट्टी लाव, मग आत जा. तुझं ब्लेड, ब्रश दुसऱ्या कुणाला देऊ नको. आणि बाकीच्या मुलींनी लस घ्यावी. ती तशीही सगळ्यांनी घ्यायचीच असते."

मग म्हणाली, घरच्या सगळ्यांचं रक्त तपासा.

तपासलं. जावयाला नाही निघाला, त्याला लस दिली. माझ्या लेकीला निघाला. आणि मला निघाला.

ते ऐकून लेक भिंतीला टेकून खाली बसली. "म्हणजे मीच दिला पोरीला," म्हणाली. मी म्हटलं, मग मी तुला दिला, आणि मला माझ्या आईनं दिला असेल, आणि तिला कुणी? कुठवर मागे जायचं? आमच्या वेळी दवाखान्यात एकच सुई किती जणांना टोचायचे. अंगभर गोंदवून घ्यायचे. कुणाला माहीत होतं? मुलीला जन्म दिला हा काय गुन्हा झाला? तो आजार आहे. पाप नाही. मागच्या जन्मीचं तर नाहीच नाही, मागचा जन्म आपण केव्हाच सोडून दिलाय.

आता नीट वाच. माझी आई म्हणजे तुझ्या आईचीही आई. समजलं मी काय म्हणतेय ते? तुझ्या पोरीचा रिपोर्ट आला, पण तू अजून स्वतःचं रक्त तपासलेलं नाहीस. पोरीला गॅलरीत टाकायचं आणि आपण आत झोपायचं. तिचा आजार तिच्यात आभाळातून पडला का?

असो. पुढे ऐक.

ज्या ताई क्लबच्या अध्यक्ष, त्यांच्याच घरी मी पोळ्या करायचे. नारायण पेठेत. खूप वर्षांचं काम. त्यांनीच समीक्षाला क्लबमध्ये घेतलं होतं, हे खोटं कशाला सांगू. "मावशी, तुझी नात चपळ आहे गं, पाठव," म्हणाल्या होत्या. मला त्या नेहमी अगं-तुगं करायच्या. त्यात मला काही वाटायचं नाही.

त्या दिवशी स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "अहो मावशी, बसा ना."

मी तवा उतरवला. मला "अहो" म्हणाल्या, खुर्ची पुढे केली. तेव्हाच समजलं, काहीतरी हिसकावून घेणार.

"आपण समजूतदार आहात," ताई म्हणाल्या. "बाकीच्या पालकांचे फोन येतात मला. मी तरी किती जणांना उत्तरं देऊ? आणि मी जातपात मानत नाही, तुम्हाला माहीतच आहे. हा निव्वळ आरोग्याचा प्रश्न आहे."

जातीचं नाव मी काढलंच नव्हतं.

"डॉक्टर म्हणाल्यात, खेळली तर चालतं," मी म्हटलं. "त्यांना फोन लावून देऊ का?"

"डॉक्टर काय हो, म्हणतात. मैदान आम्हाला चालवायचंय." मग आवाज मऊ केला. "असं करू. वार्षिक समारंभात समीक्षाचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं. बारावीचा अभ्यास म्हणून थांबतेय असं जाहीर करू. तिचाही मान राहील, आमचीही अडचण सुटेल. आणि हो, समारंभाला शिरा तुमच्याच हातचा हं. तुमच्यासारखा कुणाला जमत नाही."

पुण्यात माणूस असाच काढतात, सुनंदा. शिव्या देत नाहीत. शाल देतात. म्हाताऱ्या कार्यकर्त्याला दूर करायचं, सत्कार. भांडखोर सभासदाला गप्प करायचं, सत्कार. पण सोळा वर्षांच्या पोरीला निवृत्त करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"पोरीला विचारते," मी म्हटलं. ताईंनी ते हो धरलं.

घरी येऊन मी पोरीला सगळं सांगितलं, शब्द न शब्द. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "जाऊ या आजी. माझ्या तोंडावर काय बोलतात ते बघायचंय मला."

"आणि तुला काही बोलावंसं वाटलं तर?"

"बोलेन. तूही बोल. सगळ्यांना माहितीच आहे, आता लपवायचं कुणापासून?"

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत पाहुणे, मागे आई-बाप, कडेला मुली. आधी शिरा वाटला. मी सकाळी केलेला, वेलची घालून. मग सत्कार सुरू झाले. एक जुने खेळाडू आले, ताईंनी शाल उलगडून त्यांच्या खांद्यावर पांघरली, हातात नारळ दिला, फोटो. एक देणगीदार आले, शाल पांघरली, नारळ, फोटो. सर आले, शाल, नारळ, फोटो. मग नाव पुकारलं. "आपली गुणी खेळाडू समीक्षा, अभ्यासासाठी खेळातून विश्रांती घेत आहे..."

समीक्षा मंचावर गेली. पाठ ताठ. ताईंनी तबक उचललं. त्यात शाल, प्लास्टिकच्या पिशवीतच, घडी न मोडलेली. तबक दोन्ही हातांनी लांब धरलं, हात ताणून. "घे हं बाळ, तूच घे."

बाकीच्यांना शाल पांघरली. हिला तबकातून.

फोटोवाला म्हणाला, "ताई, थोडं जवळ या ना."

ताई म्हणाल्या, "असंच घ्या. छान येतंय."

सुनंदा, मला त्या क्षणी राग आला म्हणणं खोटं होईल. रागाच्या पलीकडचं काहीतरी होतं. आयुष्यभर मी जे गिळत आले ते सगळं तिथं तबकात ठेवलेलं दिसलं. आणि दिसलं की माझी नातसुद्धा ते गिळेल, मी गप्प बसले तर. मी गिळलं म्हणून लेकीनं गिळलं. लेकीनं गिळलं म्हणून हिनं गिळायचं? म्हणजे रक्तातून तेवढं एकच जात नाही तर.

समीक्षानं तबकाला हात लावला नाही. माइकसमोर वाकली आणि म्हणाली, "मी सोडत नाहीये. मला काढतायत."

हॉलमध्ये कुजबुज झाली. ताई हसून म्हणाल्या, "भावुक झालीय पोर."

मग मी उठले. मंचावर गेले नाही, जागेवरूनच बोलले. माझा आवाज तुला माहीत आहे, माइक लागत नाही. म्हटलं, "भावुक नाही झाली. हिला हिपॅटायटिस बी आहे, हे इथं सगळ्यांना आमच्या आधीपासून माहीत आहे. आता जे माहीत नाही ते सांगते. मलाही आहे. बहुतेक जन्मापासून आहे. या ताईंच्या घरी खूप वर्षं माझ्या हातच्या पोळ्या खातात. आणि आत्ता तुम्ही सगळ्यांनी खाल्ला तो शिरा मीच केलाय."

चमचे थांबले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी बशी हळूच खुर्चीखाली सरकवली. मागून एक म्हातारा म्हणाला, "शिरा झकास होता मात्र." दोघं-तिघं हसले. मला नाही हसू आलं.

ताईंचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, हे आधी सांगायला हवं होतंस तू."

अहो गेलं. तू आलं.

"विचारलं कुठं?" मी म्हटलं. "मीठ जास्त झालं का तेवढंच विचारायचात. आणि ताई, इतकी वर्षं खाऊन तुम्हाला काय झालं? घाबरू नका, पोळीतून नाही होत. पण तपासून घ्या, लस घ्या. सगळेच घ्या. पोरींनाही द्या. आणि ती शाल ठेवा तुमच्याकडे. माझी नात उद्या सरावाला येणार आहे."

आम्ही बाहेर पडलो. कुणी अडवलं नाही.

पुढे काय झालं? टाळ्या वाजल्या, सगळे बदलले, असं तुला वाटत असेल तर नाही. दुसऱ्या दिवशी ताईंच्या यजमानांचा फोन आला, "काही दिवस येऊ नका." ते काही दिवस अजून संपलेले नाहीत. शेजारच्या दोन घरांनीही कामावरून काढलं. एकीनं तर तवासुद्धा नवा आणला म्हणे. बिबवेवाडीत एक म्हातारं जोडपं आहे, त्यांनी ठेवलं. आजोबा म्हणाले, "आम्हाला आता कशानं काय होणार, या तुम्ही." आता याला चांगुलपणा म्हणावं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि पोर? पोर रोज जाते. क्लबनं तिला काढलं नाही. काढायला तोंड उघडावं लागतं. "तुझं नाव कमी केलंय, कारण अमुक," असं म्हणावं लागतं, आणि ते म्हणायची त्यांची छाती नाही. मग ती खेळायचे कपडे घालून कडेला उभी राहते आणि सर तिला आत घेत नाहीत. "आज बाजू पूर्ण आहेत," म्हणतात. रोज बाजू पूर्ण असतात. दोन मुलींनी लस घेतली, त्या सराव संपल्यावर तिच्याबरोबर कोपऱ्यात पकडी करतात. एक दिवस एकीनं तिला कमरेला धरून आडवं केलं, आणि ही मातीत पडून हसली, खूप हसली. पण ते कोपऱ्यात. मैदानात नाही. कोपऱ्यातल्या खेळाला कुणी संघाच्या निवडीला बोलवत नाही, आणि निवडीचे दिवस जवळ आलेत.

मला लोक म्हणतात, सोडून द्या आजी, दुसरा खेळ बघा, बुद्धिबळ खेळ म्हणावं तिला. बुद्धिबळात हात लागत नाही ना. मी म्हणते, खेळेल, तिला वाटलं तर खेळेल. तुम्हाला वाटलं म्हणून नाही.

मी आता रोज संध्याकाळी मैदानाच्या फाटकापाशी जाऊन बसते. काम सुटलंय, वेळ आहे. सर आले की उभी राहते आणि विचारते, "आज हिला घेणार का नाही?" ते म्हणतात, "बघू." मी म्हणते, "बघू-बिघू नको. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणालात तर का ते सांगा, सगळ्यांसमोर, मोठ्यानं." ते मान फिरवतात. ताईंची गाडी आली की गाडीपाशी जाऊन तेच विचारते. काच वर होते. मी काचेला विचारते. उद्याही विचारणार. निवड होऊन गेली तरी विचारणार, पुढच्या वर्षीच्या निवडीसाठी विचारणार. त्यांना गुपचूप करायचं होतं. गुपचूप होऊ देणार नाही. माझ्या नातीला मैदानाबाहेर काढायचं असेल तर त्यांना ते दिवसाउजेडी, स्वतःच्या तोंडानं, माझ्या डोळ्यांत बघून करावं लागेल. शालीत गुंडाळून नाही.

आणि तू मला सांगतेस, "मावशी, कुणाला कळू देऊ नकोस."

कळू दे. ज्यांना लाज वाटायला हवी त्यांना वाटू दे. तुझ्या पोरीनं काही चोरलेलं नाही. तूही नाही.

या रविवारी ये. पोरीला घेऊनच ये, एकटी आलीस तर दारातून परत पाठवीन. सोमवारी सुट्टी टाक, तिघीजणी दवाखान्यात जाऊ, तुझं रक्त देऊ, त्या डॉक्टरणीला भेटू. संध्याकाळी मैदानावर येशील माझ्याबरोबर. फाटकापाशी बसायला जागा पुष्कळ आहे, आणि एकटीच्या आवाजापेक्षा दोघींचा लांब जातो. मटण करीन, पोरीला आवडतं तसं, तेल-हळद घालून. वाट बघायला लावू नकोस गं. लवकर ये.